सायकलचा पट्टा कुणाचा?

उमरीहून दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला आपण नांदेडला जातो. तिथल्या काही मोठ्या रस्त्यांच्या कडेला सायकलसाठी वेगळा पट्टा बांधला होता, हे किती जणांच्या लक्षात आहे? 2008 मध्ये गुरुतागद्दीला 300 वर्षे झाली. त्या सुमारास केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेच्या पैशातून रस्ते नव्याने झाले. पदपथ, झाडे, फेरीवाल्यांना जागा आणि सायकलचा पट्टा, असे रस्ते तेव्हा देशात फार कमी ठिकाणी होते.

पुढे त्या पट्ट्यावर दुचाक्या लागल्या, गाडे उभे राहिले. सायकलवाला परत ट्रकच्या शेजारी आला आणि कुणी हूं की चूं केले नाही. आमच्या मते खोट बांधकामात नव्हती. पट्टा वरून आला होता, मोहल्ल्याने तो मागितलाच नव्हता. दुकानदाराला दारात गाडी लावायला जागा हवी असते आणि ते तो ठणकावून सांगतो. सायकलवर कोण असते? मजूर, दूधवाला, शाळेची पोरे. त्यांच्या वतीने महापालिकेत बोलायला कोण जाणार?

याच्या उलट गोष्ट तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याची. तिथे 1990 नंतरच्या एक-दोन वर्षांत साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवली गेली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्यात पुढाकार घेतला. एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या आणि त्यांत आपल्या समाजातील तरुणीही होत्या. सुरुवातीला टोमणे झाले, पण पाणी आणणे, मुलांना शाळेत सोडणे, माल बाजारात नेणे सोपे झाले, तसे टोमणे मारणारे थकले.

आपल्या घरांत सातवी-आठवीनंतर मुलीची शाळा सुटते, तेव्हा अब्बा म्हणतात, "रस्ता बरा नाही." ते खोटे नसते. पण रस्ता बरा नसेल तर तो बरा करायला सांगायचे, की मुलीला घरी बसवायचे? राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांत, नांदेड जिल्ह्यातही, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या 8वी ते 12वीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. शाळेत चौकशी करावी. मिळालेली सायकल भाऊ घेऊन फिरतो, असे मात्र होऊ नये. (होते, म्हणूनच लिहितो.)

उमरीसारख्या गावात वेगळा पट्टा लगेच होणार नाही. शाळा सुटताना अर्धा तास जड वाहने थांबवणे आणि फाटकाजवळ गतिरोधक बसवणे, एवढे मात्र मागता येते. जुम्याला मस्जिदीत सगळे जमतात, नमाजनंतर बाहेर हा विषय काढायला काय हरकत आहे? त्यासाठी आधी हिशेब हवा. आपल्या गल्लीतल्या किती मुली सायकलने जातात आणि कोणत्या वळणावर त्यांना भीती वाटते, हे अम्मींनी मुलींना विचारून आम्हाला कळवावे. तीच यादी नगरपरिषदेत देता येईल.