लंपनला तरी सोडा!

रायपुरातल्या आमच्या मराठी वाचनगटात प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'वर बोलताना मी म्हणालो, की लंपन मला ऑटिस्टिक वाटतो. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग गटातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अहो, लंपनला तरी सोडा!" सगळे हसले आणि चहा आला. माझं म्हणणं तिथंच राहिलं, ते इथं पुरं करतो.

मी उरल्याला राहतो. कारखान्यांची वस्ती आहे. गच्चीवर वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी पांढरा राहत नाही. (गावाचं नाव मराठी पाहुण्यांना गमतीचं वाटतं. 'कोण उरला?' हा विनोद मी बावीस वर्षं ऐकतोय.) एका रोलिंग मिलमध्ये हिशेब पाहतो. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. तेव्हा मी तटस्थ वाचक नाही, हे आधीच कबूल. तटस्थ वाचक मला अजून भेटायचाय.

आक्षेप तीन होते. पहिला काळाचा: संतांच्या मनात असलं काही नव्हतं, लंपनच्या काळात हा शब्दही नव्हता. शब्द नव्हता हे खरं. लिओ कॅनरनं ११ मुलांबद्दलचा आपला लेख छापला तो १९४३ साली. पण ती अकरा मुलं लेखाच्या आधीपासून होतीच ना? आणि काळाची एवढी चाड आहे, तर कर्णाच्या न्यूनगंडावर आपण अर्धशतक भाषणं देतोय त्याचं काय? न्यूनगंड ही कल्पना विसाव्या शतकातल्या व्हिएन्नाची. ती महाभारतातल्या योद्ध्याला चिकटवताना 'कर्णाला तरी सोडा' असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. गंड चालतो, कारण तो आपल्यालाही असू शकतो.

दुसरा आक्षेप असा, की लंपन नुसता हळवा आहे, सगळीच मुलं तशी असतात. नसतात. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या गावी आजी-आजोबांकडे ठेवलेला हा मुलगा आवाज, वास, उजेड ज्या बारकाईनं टिपतो, ती बारकाई वर्गातल्या चाळीस मुलांत नसते. मन भरून आलं की त्याच्या तोंडी भलतेच मोठे, वेडेवाकडे, पण नेमके आकडे येतात. 'शंभरदा' किंवा 'हजारदा' म्हणून त्याचं भागत नाही. त्याचा 'मॅड' हा शब्द तर प्रत्येक वाचकाला पाठ आहे. ही लेखकाची शैली आहे म्हणाल, तर आहेच. त्या शैलीत कुठल्या तऱ्हेचं मन वावरतंय, एवढंच मी विचारतोय.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोललं नाही, पण हशात तोच होता. लंपन आपला लाडका आहे, मग तो 'तसला' कसा असेल? लंपनला वाचवायला निघालेले खरं तर स्वतःला वाचवत असतात. आपण इतकी वर्षं ज्याच्यावर जीव लावला तो मुलगा, आणि लग्नाच्या पंगतीत ज्याच्याकडे पाहून आपण खुर्ची बदलतो तो मुलगा, हे एकाच जातीचे निघाले तर पंचाईत होईल.

या पंचाइतीत आपल्या भाषेचाही हात आहे. मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात, इथं हिंदीत 'स्वलीनता'. दोन्ही शब्द मूळ ग्रीक 'ऑटोस'शी, म्हणजे 'स्व'शी, इमान राखणारे. पण ऑटिझम हा शब्द ब्लॉयलरनं स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल घडवला होता. भलत्याच माणसांसाठी शिवलेला अंगरखा आपण तसाच्या तसा भाषांतरित केला. लंपन स्वतःत मग्न आहे? तो जगात इतका बुडालेला आहे की त्याला स्वतःकडे पाहायला सवड नाही. माझा मुलगाही तसाच.

आता थोडं माझ्या बाजूच्या लोकांविषयीही. लंपनला तपासणीच्या टेबलावर झोपवून लक्षणांपुढे खुणा करत जाणारं वाचन मला नको. त्या खुणा मी पाहिल्यात. आपल्याकडच्या अधिकृत चाचणीत ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण. बेरीज ७० झाली की ऑटिझम. प्रमाणपत्रासाठी ती बेरीज लागते, म्हणून आम्ही ती करून घेतली. पुस्तकाला प्रमाणपत्र लागत नाही. मार्क हॅडनच्या २००३च्या कादंबरीतला पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर घ्या. तिच्या मजकुरात ऑटिझम हा शब्दच नाही, तरी वाचकांनी त्याला नमुना ठरवला. तेव्हापासून गोष्टीतला असा मुलगा गणितात हुशार आणि भावनेला कोरडा असावा लागतो, आणि माझ्या मुलाला भेटणारा प्रत्येक पाहुणा त्याला एकवीसचा पाढा विचारतो.

लंपनचे आकडे कोरडे नाहीत, म्हणून मला तो हवा आहे.

माझी आई गेली तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. खाली माणसं जमली होती आणि तो गच्चीवर. तिथून मालाचे ट्रक जाताना दिसतात. दहा चक्के, बारा चक्के, चौदा चक्के. तो मोजत असतो. आजीला बाहेर काढताना त्याला खाली आणलं. तो तिच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "चारशे अठरा." माझी मावशी कुजबुजली, "बिचाऱ्याला काही कळतच नाही." मीही तेच समजलो, आणि पुढची दोन वर्षं तेच समजून चाललो.

मग गटासाठी 'वनवास' पुन्हा हातात घेतलं. शब्द पुरेनासे झाले की आकड्याकडे धावणारा हा मुलगा मी तरुणपणी वाचला होता, हसलो होतो, रडलोही होतो. या खेपेला पुस्तक मिटून मी मुलाच्या खोलीत गेलो आणि विचारलं, "आजी गेली तेव्हा चारशे अठरा म्हणालास ना?" तो म्हणाला, "त्याच्याआधी एवढे कधीच झाले नव्हते."

मी लंपनला ऑटिझमच्या पुस्तकावरून ओळखलं असं काकांना वाटतं. झालं ते उलट.

पुढच्या महिन्यात गटात मिलिंद बोकिलांची 'शाळा' आहे. 'तो विषय परत नको हं,' असा प्रेमळ फोन येऊन गेला. मी जाणार आहे, आणि या वेळी मुलाला घेऊन जाणार आहे. त्याला दाराजवळची खुर्ची लागेल. आणि पंख्याची घरघर त्याला सोसत नाही, तेव्हा तासभर पंखा बंद ठेवावा लागेल. मे महिना आहे, रायपूरचा.