मित्राला गाणं पाठवलं तर आपण गुन्हेगार?



गेल्या दिवाळीत मी काकांच्या चाळीसेक जुन्या कॅसेटी लॅपटॉपवर उतरवल्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोन जॅकला वायर जोडली, ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्ड केलं आणि एमपी३ बनवून काकांच्या मोबाईलमध्ये टाकल्या. काका एकदम खूश! दुसऱ्याच दिवशी आत्येबहिणीचा मेसेज आला, "दादा, मलापण पाठव ना." फॅमिली ग्रुपवर फाईल्स टाकणार इतक्यात माझा हात थांबला. हे कायदेशीर आहे का?

आधी कायदा बघू. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये, कोणत्या वापराने कॉपीराइटचा भंग होत नाही, याची यादी दिली आहे. खासगी किंवा वैयक्तिक कारणासाठी केलेला 'उचित वापर' त्यात अगदी सुरुवातीलाच येतो. २०१२ च्या दुरुस्तीने ही सवलत कॉम्प्युटर प्रोग्राम सोडून सगळ्या कलाकृतींना लागू झाली, म्हणजे ध्वनिमुद्रणंही आली. अशा वापरासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण केली तरी तो भंग नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे विकत घेतलेल्या कॅसेटची काकांसाठी केलेली कॉपी या सवलतीत बसते, असं मला वाटतं.

गोची पुढे आहे. 'उचित' म्हणजे किती कॉपी आणि कोणाला, हे कायद्यात आकड्यांत दिलेलं नाही. दुसऱ्या बाजूला कलम ६३ बघा. जाणूनबुजून भंग केला तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल, तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. पण मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. आत्येबहिणीला गाणं पाठवणारा आणि मेमरी कार्डात पैसे घेऊन गाणी भरून देणारा दुकानदार, दोघांसाठी कलम एकच!

आता इंजिनियर म्हणून एक गोष्ट सांगतो. कॉम्प्युटरमध्ये कॉपी न करता काहीच होत नाही. गाणं वाजवलं की ते मेमरीत कॉपी होतं, क्लाउड बॅकअप घेतला की आणखी एक कॉपी, फोन बदलला की अजून एक. त्यामुळे 'कॉपी झाली का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. ती कॉपी किती लोकांपर्यंत पोहोचू शकते, हे बघायला हवं. बहिणीला पाठवलेली फाईल एका माणसाकडे जाते. टॉरेंटवर तुम्ही फाईल उतरवत असतानाच तिचे तुकडे अनोळखी लोकांना पाठवतही असता. टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये २ लाख लोक मावतात. तिथे गाणी टाकणं म्हणजे वाटप झालं, त्याला 'पर्सनल' कसं म्हणणार?

परदेशातही हा गुंता सुटलेला नाही. जर्मनीने १९६५ सालीच खासगी कॉपीला परवानगी देऊन रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर शुल्क लावलं आणि ते पैसे कलाकारांकडे वळवले. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी कॉपी कायदेशीर केली, पण भरपाईची सोय ठेवली नाही. संगीतकारांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि जुलै २०१५ मध्ये ती तरतूद रद्द झाली.

कलाकारांची ही बाजू मी जवळून बघितली आहे. माझा कॉलेजचा रूममेट गाणी करतो. स्टुडिओचं भाडं, ढोलकीवाला, मिक्सिंग, सगळा खर्च खिशातून. त्याचं एक गाणं ग्रुपाग्रुपांतून फिरत परत माझ्याकडेच आलं, फाईलवर त्याचं नावसुद्धा नव्हतं. तो म्हणाला, "अरे, चार मित्रांनी ऐकलं तर मला आनंदच आहे. पण चार हजार जण ऐकतात आणि मला कोणी ओळखतही नाही, हे टोचतं."

मला वाटतं, रेषा इथेच आखावी. स्वतःसाठी, घरच्यांसाठी आणि ओळखीच्या मोजक्या लोकांसाठी केलेली कॉपी कायद्याने स्पष्ट शब्दांत वैध ठरवावी. अनोळखी लोकांसाठी खुल्या ठिकाणी टाकणं बेकायदेशीरच राहावं, पण त्यात कमाई नसेल तर तुरुंगाऐवजी भरपाई असावी. कैद पैसे कमावणाऱ्यांसाठी ठेवा. 'थेंबे थेंबे तळे साचे' हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच मर्यादा माणसांच्या संख्येवर हवी. जर्मनीसारखं शुल्क मात्र मला आपल्याकडे नको वाटतं. जो फक्त स्ट्रीमिंगवर ऐकतो, त्याने महागडा फोन का घ्यावा?

तोपर्यंत काय करायचं? विकत घेतलेल्या गाण्यांचा बॅकअप बिनधास्त ठेवा. नवीन गाणं मित्राला ऐकवायचं असेल तर फाईलऐवजी लिंक पाठवा, कलाकाराच्या खात्यात थोडेफार पैसे तरी जातील. आणि काहीही पुढे पाठवताना गायकाचं नाव पुसू नका.

आत्येबहिणीचं काय झालं? ती पेनड्राइव्ह घेऊन घरी आली. आम्ही तिघं बसून कॅसेटी ऐकल्या, आणि जाताना मी तिला कॉपी दिली. आजच्या कायद्यात ते 'उचित' ठरेल का, याची खात्री मला देता येत नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

तुम्ही रेषा कुठे आखाल? कॉमेंटमध्ये नक्की सांगा.