घड्याळाचे ठोके आणि कामाचें माप

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसें भारतीय युद्ध झालें. निमित्त इतकेंच कीं, थोरल्या नातीस संख्याशास्त्राच्या अभ्यासाकरितां लॅपटॉप घ्यावयाचा होता व त्यासाठीं आमच्या मुदतीच्या ठेवींतून रक्कम काढण्याचें ठरलें होतें. धाकट्या बंधूंनीं दोन यंत्रांचीं माहितीपत्रकें वाचून तत्काळ निकाल दिला : "दादा, ज्यावर गिगाहर्ट्झचा आंकडा मोठा, तो घ्या." नात कांहीं बोलली नाहीं. तिचें तें गप्प बसणें आम्हांस पूर्वीं कोठें तरी पाहिल्यासारखें वाटलें.

२००५ सालीं याच बंधूंच्या मुलीसाठीं, म्हणजे आमच्या पुतणीसाठीं, संगणक घेतांना आम्हीं स्वतः हाच न्याय लाविला होता. प्रोसेसरचा आंकडा मोठा पदरांत पडावा म्हणून रॅममध्यें काटकसर केली. यंत्र आलें, त्याची पूजा झाली, आणि महिन्याभरांत तें तापूं लागलें. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरे. पोरीनें दोन कामें एकदम काढलीं कीं पडदा थिजून जाई. अखेरचे दोन महिने ती देहूरोडहून पहाटेच्या लोकलनें पुण्यास जाई, कॉलेजच्या प्रयोगशाळेंत प्रकल्पाचें काम करी व रात्रीं परते. आम्हांस एका शब्दानेंहि तिनें दोष दिला नाहीं. त्यामुळें तो दोष आमच्यापाशींच राहिला आहे.

आम्ही जुन्या मॅट्रिकचे. संस्कृताबाहेर आमची फारशी धांव नाहीं. तथापि या वेळीं नातीस गुरु करून आम्हीं हा विषय समजून घेतला, आणि जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास शंभर कोटि ठोके. परंतु ठोका म्हणजे काम नव्हे. एका ठोक्यांत किती काम उरकतें, हा खरा प्रश्न. 'पीतांबर' या एका पदांत 'ज्याचें वस्त्र पिवळें आहे तो' हें सबंध वाक्य मावतें. समास जाणणारा सावकाश बोलला तरी सुटीं सुटीं पदें भराभर उच्चारणाऱ्याच्या आधीं त्याचा अर्थ पोंचतो. प्रोसेसरांतहि कांहीं एका ठोक्यांत एकच आज्ञा पार पाडतात, कांहीं चार-सहा. आणि कांहींना अशा आज्ञा येतात कीं एकीनेंच आठ-आठ संख्यांची बेरीज व्हावी.

मग ठोके वाढविण्याचा अट्टाहास कां झाला? विहिरीवरून हातोहात घागरी पोंचविणारी रांग मनांत आणा. रांगेंत माणसें अधिक उभीं केलीं कीं प्रत्येकाची हालचाल लहान होते व ताल जलद धरतां येतो. इंटेल कंपनीच्या पेंटियम ४ मध्यें २००० सालीं अशा वीस पायऱ्या होत्या. २००४ च्या आवृत्तींत त्या एकतीस झाल्या. पण पाणी स्वयंपाकघरांत हवें कीं गोठ्यांत, याचा अंदाज चुकला, तर रांगेंतल्या साऱ्या घागरी ओतून देऊन पुन्हा विहिरीपासून आरंभ! रांग जितकी लांब, तितका हा तोटा मोठा. प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीनें २००१ सालीं ॲथलॉन एक्सपी काढला, तेव्हां १५३३ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरास १८००+ असें नांव दिलें. आमचे ठोके कमी असले तरी काम मोठ्या आंकड्याचें आहे, असा त्यांचा दावा. गिऱ्हाईक आंकडाच वाचणार, हें त्यांनीं ओळखलें होतें. पुढें उष्णता आवरेना म्हणून इंटेलनें २००४ सालीं चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडला, आणि २००६ सालीं कोअर २ ड्युओ आणला. त्याचे ठोके आधीच्यांहून कमी, आणि काम अधिक.

दुसरी गोष्ट सामग्रीची. प्रोसेसरच्या अगदीं हाताशीं कॅश नांवाची चिमुकली फडताळी असते. तेथील वस्तु चार-पांच ठोक्यांत मिळते. तीच रॅममधून आणावयाची तर शेंदोनशें ठोके नुसते वाट पाहण्यांत जातात. आणि रॅमहि अपुरी पडली, तर त्या दिरंगाईस सुमार नाहीं. पुतणीच्या यंत्राचें दुखणें हेंच होतें, हें आम्हांस वीस वर्षांनीं कळलें.

तिसरी गोष्ट कोअरांची, म्हणजे हातांची. लग्नघरीं भाजी चिरावयास दहा जणी बसतील, पण कढी एकदांच उकळावयाची. कामाचा चतुर्थांश भाग वांटतां येत नसेल, तर हात कितीहि वाढवा, वेग चौपटीपलीकडे जात नाहीं; हा हिशेब जीन ॲमडाल यांच्या १९६७ सालच्या प्रतिपादनांतून निघतो. उलट, वांटतां येण्याजोग्या कामाचा महिमा पुण्यानेंच दाखविला आहे. सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, त्यांतील ब्रिटिश बनावटीच्या ट्रान्सप्युटरांची गति वीस-तीस मेगाहर्ट्झची. त्या काळच्या अमेरिकन क्रे वाय-एमपीची १६७ च्या घरांतली. परंतु प्रत्येक ट्रान्सप्युटरास शेजाऱ्यांशीं बोलावयास चार दुवे अंगचेच होते, व त्या एकोप्यावर सारी भिस्त होती.

हें सर्व बंधूंस सांगितलें. ते म्हणाले, "वेग तो वेग." आम्हीं विचारिलें, "डेक्कन क्वीन लोकलहून जलद खरी. पण ती देहूरोडला थांबते काय?" त्यावर ते चहा घ्यावयास उठले.

अखेर आम्ही तिघेंहि पुण्यास गेलों. नातीनें आपलें नेहमींचें गणिताचें काम पेनड्राइव्हवर बरोबर घेतलें होतें. आम्हीं शाळेच्या शर्यतींत वापरीत असूं तें स्टॉपवॉच. दुकानदारानें आधीं कपाळास आंठ्या घातल्या, नंतर खुर्च्या दिल्या. दोन्हीं यंत्रांवर एकच काम लाविलें. पहिलीं दहा मिनिटें मोठ्या आंकड्याचें यंत्र स्पष्ट पुढें होतें, आणि बंधूंची मुद्रा पाहण्यासारखी होती. मग त्याचें अंग तापलें. तें बारीक अंगाचें. उष्णता बाहेर पडण्यास वाव थोडा. तेव्हां स्वतःस जपण्यासाठीं त्यानें आपले ठोके आपणच कमी केले. पेटीवरचा आंकडा हा क्षणभराच्या उसळीचा असतो, हें तेथें डोळ्यांनीं दिसलें. त्यास बावन्न मिनिटें लागलीं, दुसऱ्यास चव्वेचाळीस. दुसऱ्याची कॅश मोठी होती, अंग जाड होतें, आणि ओझें अर्धा शेर अधिक; लोकलच्या गर्दींत तें नातीच्या खांद्यास जाणवेल, हें मान्य केलें पाहिजे. तरी तिनें तेंच निवडलें.

बंधूंचें समाधान झालेलें नाहीं. पेटीवरचा आंकडा छापील आहे, दादांचें घड्याळ तीस वर्षांचें जुनें आहे, असें ते येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगतात.

त्याच रात्रीं पुतणीस दूरध्वनीवर ही हकीकत कळविली. प्रोसेसर कोणता, आंकडा किती, हें तिनें विचारलेंच नाहीं. म्हणाली, "मोठे काका, रॅम किती घेतलीत?"

आम्हीं सोळा म्हणून सांगितलें.