दुकान प्रामाणिक, पण पायरी उंच

मोबाईल ही वस्तु आतां घरांतील एका माणसाची राहिलेली नाहीं. आजोबांच्या पंचांगापासून नातवाच्या खेळापर्यंत सर्वांचीं कामें त्याच यंत्रावर चालतात, आणि प्रत्येक कामासाठीं एक एक ॲप बाहेरून घरांत येतें. दारावर आलेल्या विक्रेत्याला चार प्रश्न विचारल्याशिवाय आपण ओसरीवर बसूं देत नाहीं; ॲपला मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं. तें फुकट आहे, एवढेंच पुरें होतें. फुकट देणाराचें पोट कशावर भरतें, हा प्रश्न एरवीं व्यवहारांत चोख असणाऱ्या गृहिणीलाहि येथें सुचत नाहीं, ह्याचें नवल वाटतें.

हा प्रश्न आधीं विचारून मगच माल मांडणारें एक दुकान आहे. त्याचें नांव एफ-ड्रॉइड. २०१० सालीं कियारन गल्टनिक्स ह्या गृहस्थांनीं तें सुरू केलें. अँड्रॉइड फोनांसाठीं असलेल्या ह्या दुकानांत केवळ ओपन सोर्स, म्हणजे ज्यांची मूळ कृति कोणालाहि वाचतां, सुधारतां आणि दुसऱ्यांस देतां येते, अशींच ॲप्स मिळतात. कर्त्यानें आणून दिलेला बंद डबा जसाच्या तसा फळीवर ठेवण्याची येथें पद्धत नाहीं. बहुधा दुकानदार कृति मागून घेतो, ती पडताळून त्याबरहुकूम पदार्थ स्वतः तयार करतो आणि मगच त्यावर आपली मोहोर उठवितो. ह्या खटाटोपामुळें नवी आवृत्ति कांहीं दिवस उशिरां हातीं येते. आमच्या मतें तो उशीर सोसण्यासारखा आहे. शिवाय येथें खातें उघडावें लागत नाहीं, नांवगांव सांगावें लागत नाहीं. एखाद्या ॲपमध्यें जाहिराती असल्या, किंवा तें आपल्या हालचालींची बातमी बाहेर पोंचवीत असलें, तर तसें पाटीवर स्पष्ट लिहिलेलें असतें.

असें असून हें दुकान सामान्य कुटुंबास अनोळखी कां? पहिली अडचण दाराशींच आहे. गूगलच्या प्ले स्टोअरमध्यें दुसऱ्या दुकानाचें ॲप ठेवूं देत नाहींत. म्हणून तें एफ-ड्रॉइडच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावें लागतें. तसें करूं लागतांच फोन धोक्याची सूचना देतो आणि अनोळखी ठिकाणाहून माल घेण्याची परवानगी मागतो. सूचना सर्वस्वी खोटी नाहीं, कारण त्याच वाटेनें ठकहि येतात. परंतु ठक आणि सज्जन ह्या दोघांनाहि एकच पाटी लाविल्यावर भित्र्या माणसानें दोघांनाहि दार लावून घ्यावें, ह्यांत त्याचा दोष काय?

आंत गेल्यावर दुसरी अडचण येते, आणि ती अधिक विचार करण्यासारखी आहे. इतर ठिकाणीं ताऱ्यांवरून आणि अभिप्रायांवरून निवड करण्याची आपणांस संवय झालेली असते. येथें तारे नाहींत. तारे द्यावयाचे तर देणाऱ्याची ओळख ठेवावी लागते, आणि ती न ठेवण्याचें तर ह्या दुकानाचें व्रत! अर्थात् जो गुण, त्याच्याच पोटीं ही गैरसोय जन्मली. मग नवख्यानें निवडावें कसें? वर्णन वाचावें तर तें पुष्कळदां एका कारागिरानें दुसऱ्या कारागिरासाठीं लिहिलेलें असतें, आणि बहुतेक इंग्रजींत. दोषांच्या पाट्यांचेंहि तेंच. यूट्यूबवरील चित्रफिती दाखविणाऱ्या न्यूपाइप ह्या ॲपवर, तें मुक्त नसलेल्या सेवेवर अवलंबून आहे, अशी पाटी आहे. ती तत्त्वनिष्ठेची टीप होय. दुसऱ्या एखाद्या ॲपवर सुरक्षिततेंतील ठाऊक असलेल्या उणिवेची पाटी असूं शकते. ती मात्र खरोखर भिण्याजोगी. दोन्ही पाट्या एकाच थाटाच्या असल्यावर सासूबाईंनीं कोणतीला भ्यावें?

आमची सूचना साधी आहे. दोष लपवूं नयेत; पण त्यांची प्रतवारी लावावी, आणि 'ह्यामुळें तुमचें काय होईल' हें प्रत्येकाखालीं एका सोप्या वाक्यांत सांगावें. घराला लागणाऱ्या वस्तूंची एक निवडक फळी दर्शनींच असावी: गाणीं व चित्रपट ह्यांसाठीं व्हीएलसी, इंटरनेटवांचून चालणाऱ्या नकाशासाठीं ऑस्मअँड, पासवर्ड कुलुपांत ठेवण्यासाठीं कीपासडीएक्स. आणि भाषा! दुकानाच्या ॲपमधील मजकुराचें भाषांतर वेबलेट ह्या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. त्यासाठीं यंत्रविद्या लागत नाहीं. नीट इंग्रजी आणि त्याहून नीट मराठी येणारी सून किंवा कॉलेजांतील मुलगा दुपारच्या फावल्या वेळांत तें काम करूं शकेल.

घाई करण्याचें कारणहि घडलें आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्यें गूगलनें जाहीर केलें कीं, प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर ॲप चढवावयाचें तर त्याच्या कर्त्यानें आपली ओळख गूगलकडे नोंदविलेली असावी. आरंभ २०२६ च्या सप्टेंबरांत ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथून, आणि नंतर इतरत्र. ठकांस आळा घालणें हा हेतु सांगण्यांत आला. कर्त्यांवर अशी सक्ति आपण करूं शकत नाहीं आणि हा नियम आपल्या मुळावरच येईल, असें एफ-ड्रॉइडनें सप्टेंबर २०२५ मध्यें कळविलें. ओरड झाल्यावर नोव्हेंबरांत गूगलनें एक सवलत बोलून दाखविली: जे अनुभवी आहेत आणि धोका समजून घेतात, त्यांच्यासाठीं वेगळी वाट ठेवूं. अनुभवी माणसांची सोय तेव्हांहि होतीच. राहतात तीं आपल्या घरांतलीं माणसें, आणि त्यांच्यासाठीं पायरी उतरती करण्याचें काम मात्र दुकानदाराचें आहे; गूगलचें नव्हे.