ताग्यावरची चित्रे

शेळगावच्या आमच्या जुन्या कापड दुकानाची डागडुजी चालू असताना माळ्यावरच्या एका खतावणीत पाच रंगीत चित्रे सापडली. कमळातील लक्ष्मी, अंबारीचा हत्ती, मोर, एक राजा आणि वाघ. पणजोबांच्या काळी विलायती कापडाच्या ताग्यांवर चिकटवून येत, ती ही चित्रे. चिरंजीव म्हणाले, “लॅमिनेशन करून दुकानात लावू.” मी त्यांना थांबविले आणि हाती भिंग दिले.

एकोणिसाव्या शतकातील या शिळाछाप चित्रांचे सौंदर्य भिंगाखालीच उलगडते. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड. त्यावर कारागिराने हाताने दिलेले असंख्य ठिपके. लक्ष्मीच्या गालावर गुलाबी, पिवळे आणि तपकिरी ठिपके शेजारी शेजारी बसतात व दुरून त्यांची कांती होते. आजच्या छपाईतील ठिपके जाळीसारखे रांगेत असतात. हे मात्र विखुरलेले. छापताना कागद केसभर सरकला, की पदराच्या कडेला दुसऱ्या रंगाची रेघ उमटते.

त्याच सुमारास अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची चित्रे निघत. १८८७ साली ॲलन अँड गिंटर कंपनीने काढलेल्या पन्नास विजेत्यांच्या रंगीत संचात दहा बेसबॉलपटू होते. छायाचित्रांचे तपकिरी संचही निघाले. त्यांतील काहींत चेंडू चक्क दोरीने टांगलेला दिसतो! आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी १८९४ साली गिरगावात शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील देवदेवता घरोघरी पोहोचल्या. माध्यम एकच, तेथे चित्राने सिगारेट खपविली, येथे कापड.

कारण अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक “हत्ती छाप द्या” म्हणून माल मागे. चित्र हीच मालाची ओळख. १८७५ साली ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, त्यामागेही अशी ओळख जपण्याचीच गरज होती.

आता चित्रे पालथी करून पाहा, असे मी चिरंजीवांना सांगितले. पाठीवर मोडीत दोन-दोन ओळी होत्या. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांकडून त्या लावून घेतल्या. हत्तीमागे लिहिले होते : “पोत घट्ट. धुतल्यावर आटत नाही.” आणि सर्वांत देखण्या, सोनेरी भुकटी चमकणाऱ्या लक्ष्मीमागे : “चित्र उत्तम, माल हलका. पुन्हा मागवू नये.”

चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. लॅमिनेशनची उष्णता आणि डिंक जुन्या कागदात कायमचे मुरतात, आणि सततच्या उजेडाने रंग विटतात. म्हणून मूळ चित्रे आता आम्लरहित कागदात, अंधाऱ्या पेटीत आहेत. दुकानात त्यांच्या मोठ्या प्रती लावल्या आहेत, दर्शनी बाजू आणि पाठ शेजारी शेजारी. लक्ष्मीची प्रत कोठे लावावी, हे चिरंजीवांनीच ठरविले : गल्ल्याच्या समोर, बसणाऱ्याला सतत दिसेल अशी.

वाचकहो, आपल्या जुन्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी एकदा चाळा. चित्र सापडले, तर त्याची पाठही वाचा.