गडचिरोलीची साक्ष

स्त्रियांची बुद्धि शास्त्राभ्यासास पुरत नाहीं, असें आतां कोणी उघडपणें म्हणत नाहीं; परंतु मुलीस विज्ञानशाखेंत घालण्याची वेळ आली म्हणजे तें जुनें मत कृतींतून डोकावतेंच. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत, म्हणजेच पुढील कमलाबाई सोहोनी, यांस १९३३ सालीं बंगळूरच्या शास्त्रसंस्थेंत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यांत आला. आणि नाकारणारे कोण, तर सर सी. व्ही. रामन! बाईंनीं हट्ट धरून प्रवेश मिळविला व १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट संपादिली. त्या दाव्याचा निकाल तेथेंच लागला.

तथापि आमचा मुद्दा निराळा आहे. स्त्रिया नसल्यानें खुद्द शास्त्रच एका डोळ्यानें आंधळें राहतें. याचा पुरावा शोधण्यास केंब्रिजला जावयास नको. चंद्रपूरच्या कन्या डॉ. राणी बंग यांनीं सहकाऱ्यांसह गडचिरोली जिल्ह्याच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा वृत्तांत १९८९ सालीं विलायतेच्या ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध झाला. शेंकडा ९२ स्त्रियांस कांहीं ना कांहीं स्त्रीरोग, आणि पूर्वीं अशी तपासणी झालेल्या शेंकडा अवघ्या ८! दुखणें जुनेंच होतें, डॉक्टरहि होते. विचारणारें कोणी नव्हतें. पुरुष डॉक्टरापुढें बाई बोलत नाहीं, हें आमच्या घराघरांत ठाऊक असतां शास्त्रास मात्र तें ठाऊक नव्हतें.

पुढें बेताचें शिक्षण झालेल्या खेड्यांतील बायांनींच आरोग्यदूत होऊन नवजात अर्भकांचीं वजनें केलीं, श्वास मोजले, नोंदी ठेविल्या, जंतुदोषावर इंजेक्शनें दिलीं. त्या गावांत नवजात अर्भकांच्या मृत्यूचें प्रमाण शेंकडा ६२ नें उतरल्याचें १९९९ सालीं जगास कळलें. मोजमाप, नोंद व निदान यांसच शास्त्र म्हणतात ना? मग या बायांच्या मुलींस प्रयोगशाळेचें दार कां दिसूं नये?

गोंडवाना विद्यापीठ २०११ सालीं निघालें, हें उत्तमच झालें. पण सिरोंचा गडचिरोलीहून सुमारें दोनशें किलोमीटर. तेथील मुलीनें रसायनशास्त्र शिकावें तरी कसें? तिला वसतिगृह हवें, आणि गणित व विज्ञान शिकविणारी शिक्षिका हवी. पहिलें काम चंद्रपूरच्या पेढीवाल्यांनीं मनावर घेतल्यास एका लग्नसराईच्या रोषणाईंतून त्याचा पाया भरला जाईल. दुसरें सरकारचें, आणि तें जेथें होत नसेल, तेथें आपल्या आमदारांस जाब विचारण्यास मतदार कां कचरतात, हें आम्हांस उमगत नाहीं.