तहान, थकवा आणि न भरणारी जखम

सुप्याच्या एमआयडीसीत पाळ्यांवर राबणाऱ्या आपल्या एखाद्या बांधवाला विचारा, "काय हो, का वाळलात?" उत्तर ठरलेले असते, "रात्रपाळीमुळे." तहान लागते ती उन्हामुळे, अंधुक दिसते ते वयामुळे, पायाला मुंग्या येतात त्या दिवसभर उभे राहिल्यामुळे. प्रत्येक तक्रारीला कारण हजर असते. म्हणूनच मधुमेह, म्हणजे आपण ज्याला 'साखर' म्हणतो ते दुखणे, वर्षानुवर्षे घरात राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

आम्ही डॉक्टर नाही, कारकुनी करणारे कार्यकर्ते आहोत. पण वस्तीत फिरताना एक वाक्य सतत कानावर येते, "साखर श्रीमंतांना होते, आपण तर कष्टाची माणसे." वाचकहो, हा समज मनातून काढून टाका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील बाळे वजनाने लहान, सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास. इंग्लंडमधील बाळांशी तुलना केली तेव्हा आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून असल्याचे दिसले. म्हणजे वरून सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही साखर होऊ शकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनाही हे दुखणे होते. घटनेचे काम चालू असतानाच पायदुखी, निद्रानाश आणि मधुमेह यांनी त्यांना घेरले होते. १९५४ साली ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते, अखेरच्या वर्षांत दृष्टीही मंदावली होती. त्यांच्या काळी बोटाच्या एका थेंबावर दोन मिनिटांत साखर सांगणारे यंत्र नव्हते. आज ते आपल्या गावात आहे. मग आपण का थांबावे?

खुणा लक्षात ठेवा. तहान भागत नाही. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते. भूक लागते, जेवण जाते, तरी वजन घटते. झोप झाली तरी अंग गळून जाते. खरचटलेले लवकर भरत नाही, गळवे पुन्हा पुन्हा येतात. चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो. तळपायाला मुंग्या येतात किंवा चप्पल निसटली तरी कळत नाही. मानेवर काळा, जाडसर पट्टा येतो. आपण तो मळ समजून घासत बसतो. भगिनींना गुप्तांगाला वारंवार खाज सुटते, पण संकोचाने त्या घरातही बोलत नाहीत. ही लाजेची गोष्ट नव्हे, नर्सताईंना जरूर सांगा.

लहान मुलाच्या बाबतीत मात्र एक दिवसही दवडू नका. अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा ओले करू लागले, सारखे पाणी मागू लागले, झपाट्याने वाळू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नजर उतरवण्यात किंवा भगताकडे जाण्यात गेलेला वेळ अशा मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

आणखी एक ध्यानात घ्या. पुष्कळांना सुरुवातीला यातली एकही खूण दिसत नाही. आत मात्र डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा झिजत असतात. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने खुणांची वाट न पाहता वर्षातून एकदा तपासणी करावी. आईवडिलांना साखर असेल किंवा पोटाचा घेर वाढला असेल, तर त्याने टाळूच नये. गरोदर भगिनींनी नावनोंदणीच्या वेळी आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात रक्त तपासून घ्यावे.

तिशीपुढच्यांची ही तपासणी सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. दिवस आशाताईंना विचारा. रात्री जेवल्यावर आठ तास पाण्याशिवाय काही न घेता सकाळी जावे, चहासुद्धा नको. आकडा १००च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची घंटा; चालणे वाढवा, गोड चहा आणि भाताचा ढीग कमी करा. १२६ किंवा त्याहून अधिक असेल, तर शिरेतले रक्त देऊन खात्री करून घ्या आणि औषध सुरू करा. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कारल्याचा रस ही गोळीची जागा घेऊ शकत नाही.

रोजंदारी बुडेल म्हणून माणूस तपासणी टाळतो. पण पाय कापावा लागला, तर किती रोजंदाऱ्या बुडतील याचा हिशेब घरातल्या सर्वांनी मिळून करावा. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एवढेच ठरवा, की पुढच्या तपासणीच्या दिवशी प्रत्येक घरातून तिशीपुढचे सगळे एकत्र जातील. सर्वांच्या पाठीमागे राहणाऱ्या घरातल्या बाईला त्या दिवशी सर्वांच्या पुढे उभी करा.